मोठी क्रीडास्पर्धा मुंबईत आली तर शहराच्या हाती काय उरतं?

प्रश्न असा आहे: २०३० ची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताचे प्रयत्न चालू आहेत. उद्या त्यातले काही खेळ मुंबईकडे आले, किंवा मुंबईने स्वतःच एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मागून घेतली, तर शहराला आर्थिक फायदा होईल का? आणि तो मोजायचा कसा?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, आहे त्या मैदानांवर, तोटा कितीही झाला तरी भरून देऊ अशी उघडी हमी न देता आणि हॉटेलं रिकामी असतात अशा दिवसांत स्पर्धा घेतली, तर फायदा होतो. तो लहान असतो, पण खरा असतो. स्पर्धेसाठी म्हणून नवं स्टेडियम बांधायला घेतलं की तोटा जवळपास ठरलेला. असं का, हे आकडे मांडल्याशिवाय कळणार नाही.

वर्तमानपत्रांत येतो तो आकडा आधी घेऊ. २०२३ च्या पुरुषांच्या क्रिकेट विश्वचषकामुळे भारतीय अर्थव्यवस्थेला १.३९ अब्ज डॉलर, म्हणजे ११,६३७ कोटी रुपयांचा लाभ झाला, असं आयसीसीने २०२४ मध्ये जाहीर केलं. स्पर्धा दहा शहरांत झाली आणि मैदानांत साडेबारा लाख प्रेक्षक आले. अशा आकड्यात थेट खर्च असतो आणि त्या खर्चातून पुढे फिरलेला पैसाही धरलेला असतो. यातला किती पैसा स्पर्धा झाली नसती तरीही खर्च झालाच असता, हे मात्र मथळ्यावरून समजत नाही. यजमान शहराला नेमकं तेच समजायला हवं असतं.

वानखेडेवरचा एक सामना घ्या. क्षमता सुमारे ३३,०००. पुढचे बाकीचे आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. माणशी खर्च १२,००० रुपये, दोन रात्रींचा. हौशी अहवाल ३३,००० ला १२,००० ने गुणतो, ३९.६ कोटी काढतो, त्यावर २ चा गुणक (खर्च झालेला एक रुपया पुढे फिरून एकूण किती रुपयांची उलाढाल करतो, तो आकडा) लावतो आणि ७९ कोटी जाहीर करतो. आता वजाबाकी करत जा. दादर, ठाणे, विरारहून आलेला प्रेक्षक दोन रात्री हॉटेलात राहत नाही. तिकिटावर घातलेले पैसे तो त्या महिन्यात सिनेमा, हॉटेलातलं जेवण, माथेरानची सहल यांतून कापतो. शहराच्या दृष्टीने हा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. बाहेरगावचे प्रेक्षक २० टक्के धरले, तर ६,६०० उरतात. त्यातले चौथा हिस्सा लोक ऑफिसच्या कामाला किंवा नातेवाइकांकडे येणारच होते, त्यांनी सामन्याचा दिवस तेवढा साधला. उरले ४,९५०. त्यांनी घेतलेल्या दर तीन खोल्यांपैकी एक एरवीही कुणीतरी घेतलीच असती. उरले ३,३००. त्यांचा खर्च ३.९६ कोटी. त्यातले ४० टक्के विमान कंपनी, हॉटेलसाखळीचं मुख्यालय, बुकिंग ॲप यांच्यामार्फत शहराबाहेर जातात. शिल्लक २.३८ कोटी. शहरापुरता १.३ चा गुणक लावा, झाले ३.१ कोटी. सामना तोच, प्रेक्षक तेच. ७९ कोटी कुठे आणि ३ कोटी कुठे!

यातला एकेक आकडा बदलून पाहा. २० टक्क्यांच्या जागी ३५ टक्के बाहेरचे धरा, खर्च दुप्पट धरा. उत्तर दहा-अकरा कोटींच्या आसपास येईल, ७९ च्या जवळपासही जाणार नाही. सगळ्यात जास्त फरक बाहेरच्या प्रेक्षकांच्या टक्क्याने पडतो, पण फसवाफसवी गुणकातही होते. देशाचा गुणक शहराला लावता येत नाही, कारण शहर जितकं लहान तितका पैसा लवकर बाहेर पडतो.

‘एरवीही कुणीतरी घेतलीच असती’ ही पायरी मुंबईत फार महत्त्वाची आहे, कारण मुंबई आधीच भरलेलं शहर आहे. ऑक्टोबर ते मार्च हा इथे व्यावसायिक प्रवास, प्रदर्शनं आणि लग्नं यांचा मोसम, आणि क्रिकेटचा मोसमही तोच. स्पर्धेच्या तारखा जाहीर झाल्या की खोल्यांचे दर चढतात आणि नेहमीचा कामाचा पाहुणा पुणे-बेंगळुरूला बैठक ठेवतो. लंडनला २०१२ मध्ये हाच अनुभव आला. ऑलिंपिकच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी घटली. आलेल्यांनी खर्च जास्त केला, हेही खरं. पण संग्रहालयं आणि नाटकं पाहायला येणारा नेहमीचा पर्यटक गर्दीच्या धास्तीने फिरकला नाही.

म्हणून मुंबईसाठी एक उपाय आवर्जून सांगावासा वाटतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये खोल्या स्वस्त आणि रिकाम्या असतात. उघड्या मैदानावर त्या दिवसांत काही घेता येत नाही. पण बॅडमिंटन, टेबल टेनिस, बुद्धिबळ, कबड्डी, कुस्ती हे छपराखालचे खेळ आहेत. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे सामने झाले होते, तेव्हा अशी जागा शहरात आहे. पावसाळ्यात आलेला पाहुणा कुणाला हुसकावून येत नाही. त्याचा जवळजवळ सगळा खर्च शहराची नवी कमाई असते. लोकल बंद पडण्याचा धोका असतो, म्हणून खेळाडूंची राहण्याची सोय स्टेडियमपासून चालत जाता येईल अशी हवी आणि वेळापत्रकात एक दिवस राखून ठेवायला हवा.

स्पर्धेनंतरची मोजणीही बहुतेक वेळा चुकते. २०२३ चा उपांत्य सामना वानखेडेवर १५ नोव्हेंबरला झाला आणि दिवाळी होती १२ नोव्हेंबरला. आदल्या वर्षी दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. दोन नोव्हेंबर शेजारी ठेवून ‘विश्वचषकामुळे विक्री वाढली’ असं म्हटलं, तर लाडू-चिवड्याची आणि कपड्यांची खरेदीसुद्धा क्रिकेटच्या खात्यात जमा होते. तुलना करायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरून, मागच्या तीन-चार वर्षांशी आणि ज्या शहरात सामने नव्हते अशा एखाद्या शहराशी.

प्रवेशद्वारावर सर्वेक्षण करायचं असेल तर चार प्रश्न पुरतात. घरचा पिनकोड काय? सामना नसता तर आज मुंबईत आला असता का? किती रात्री आणि कुठे राहणार? आज केलेला खर्च किती माणसांचा? चौथा प्रश्न विसरला की घोटाळा होतो. बाप चौघांचा खर्च सांगतो आणि अहवालवाले तो माणशी धरून चौपट करतात. ४०० जणांचा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) नमुना घेतला तर टक्केवारीत साधारण ५ टक्के इकडे-तिकडे इतकी अचूकता मिळते. मात्र नमुना सगळ्या स्टँडमधून, तिकिटांच्या प्रमाणात घ्यायला हवा. महागड्या स्टँडच्या दारात उभं राहून भरलेले फॉर्म काही कामाचे नाहीत.

रोजगाराचंही तसंच. ‘हजार नोकऱ्या निर्माण झाल्या’ हे वाक्य माणूस-दिवसांत बदलून घ्या. हजार जणांना पाच दिवस काम मिळालं म्हणजे ५,००० माणूस-दिवस. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर पूर्णवेळ नोकऱ्या होतात २०.

आता खर्चाची बाजू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९६० ते २०१६ या काळातल्या ऑलिंपिक स्पर्धांचा खर्च तपासला, तेव्हा क्रीडाविषयक खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी १५६ टक्क्यांनी वाढलेला आढळला, तोही महागाई वजा करून. अंदाजाच्या आत राहिलेली एकही स्पर्धा त्यांना सापडली नाही. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेगळं घडलं नाही. २००३ च्या प्रस्तावात सुमारे १,२०० कोटींचा अंदाज होता. कॅगने २०११ च्या अहवालात मांडलेला एकूण आकडा १८,५३२ कोटींचा होता, आणि त्यात मेट्रो व विमानतळाचा खर्च धरलेला नव्हता.

खर्च इतका का फुगतो? पूल बांधताना काम रेंगाळलं तर उद्घाटन पुढे ढकलता येतं. स्पर्धेची तारीख हलत नाही. काम जितकं उशिरा सुरू होईल तितकं पारडं कंत्राटदाराच्या बाजूला झुकतं. शेवटच्या सहा महिन्यांत निविदेशिवाय किंवा एकाच निविदेवर कामं द्यावी लागतात आणि तीन पाळ्यांचा दर मोजावा लागतो. दुसरं असं की प्रस्ताव लिहिला जातो तेव्हा आराखडे तयारच नसतात. आसनांची संख्या, प्रसारणाच्या खोल्या, सुरक्षेची कुंपणं, डोपिंग तपासणीचा विभाग, बॅकअप जनरेटर हे सगळं आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमावलीतून नंतर वाढत जातं. सुरक्षेचा आकडाही प्रस्तावात कमी धरलेला असू शकतो. म्हणून प्रस्तावाच्या रकमेवर ५ किंवा १० टक्के राखीव निधी दाखवला असेल, तर तो कागद परत पाठवावा. वरच्या इतिहासाकडे पाहता मूळ अंदाजाच्या अडीचपट रक्कम तिजोरीला पेलेल का, एवढं तपासूनच सही करायला हवी. मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज ३० वर्षं फेडलं. ते २००६ मध्ये संपलं, आणि त्यासाठी क्यूबेक प्रांतात तंबाखूवर कर लावावा लागला होता.

नव्या स्टेडियमचं गणित घरच्या कर्जाच्या हप्त्यासारखंच मांडायचं. ५०० कोटींचं स्टेडियम, ८ टक्के व्याज, ३० वर्षं: वर्षाला सुमारे ४४ कोटींचा हप्ता. देखभाल ३ टक्के धरली तर आणखी १५ कोटी. एकूण ५९ कोटी. वर्षात ४० दिवस भाड्याने गेलं तर दिवसाला दीड कोटी भाडं मिळायला हवं. २० दिवस गेलं तर तीन कोटी. ४० दिवस मोठे कार्यक्रम मिळवणं किती अवघड आहे, हे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरून लक्षात येईल. तिथे आयपीएलचे सामने झाले, फुटबॉल झालं, २०१९ मध्ये यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तरी वर्षातले बहुतेक दिवस गर्दी नसतेच. ते स्टेडियम खासगी मालकीचं आहे आणि रिकाम्या दिवसांचा भार करदात्यावर पडत नाही, हा मोठा फरक आहे.

मुंबईत याखेरीज जमिनीची किंमत धरावी लागते आणि सरकारी हिशेबात ती हटकून शून्य लिहिलेली असते. नुसता ४०० मीटरचा ट्रॅक आणि आतलं मैदान यालाच सुमारे पावणेदोन हेक्टर लागतात, प्रेक्षागृह आणि बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या. महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे येईपर्यंत किती वर्षं गेली, हे मुंबईकरांना माहीत आहे. त्याच शहरात दोन आठवड्यांच्या खेळासाठी दहा हेक्टर अडकवायचे असतील, तर त्या जागेचं ३० वर्षांचं भाडं खर्चाच्या रकान्यात लिहिलं पाहिजे.

वापर संपल्यावर काय, हे आधी ठरलेलं नसलं की पांढरा हत्ती दारात येतो. लंडनचं मुख्य स्टेडियम ऑलिंपिकनंतर फुटबॉलसाठी बदलायला ३२३ दशलक्ष पौंड लागले आणि वेस्ट हॅम क्लबचं भाडं ठरलं वर्षाला साधारण २५ लाख पौंड. नुसतं बदलाचं काम त्या भाड्यातून वसूल व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतील. त्याच लंडनने जलतरण केंद्र मात्र नीट केलं. स्पर्धेपुरत्या १७,५०० जागा ठेवल्या आणि नंतर दोन्ही बाजूंचे तात्पुरते पंख काढून २,५०० वर आणल्या. बास्केटबॉलचं १२,००० क्षमतेचं सभागृह तर पूर्ण उतरवण्यासाठीच बांधलं होतं. पॅरिसने २०२४ मध्ये ९५ टक्के ठिकाणं जुनी किंवा तात्पुरती वापरली. आपल्याकडे पुण्यातलं बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेला पुन्हा उपयोगी पडलं. मुंबईजवळ ते असताना दुसरं ॲथलेटिक्स स्टेडियम मुंबईत कशाला?

रस्ते, मेट्रो, विमानतळ हे ‘स्पर्धेमुळे मिळाले’ असं सांगितलं जातं तेव्हा एकच विचारायचं: स्पर्धा नसती तर हे झालं नसतं का? मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. चर्चगेटला तिचं स्थानक आहे आणि वानखेडेच्या प्रेक्षकाला ते सोयीचं आहे. पण ती कुठल्याही विश्वचषकासाठी बांधलेली नाही. अशा कामाचा फायदा स्पर्धेच्या खात्यात लिहिला, तर त्याचा खर्चही तिथेच लिहायला हवा. बार्सिलोनाचं उदाहरण इथे नेहमी पुढे केलं जातं. त्या शहराकडे समुद्रकिनारा मोकळा करायची योजना होती आणि १९९२ च्या ऑलिंपिकने तिला गती दिली. ज्या शहराकडे आधीची योजना नसते, त्याला स्पर्धा योजना देत नाही.

उत्पन्न कुणाकडे जातं, हे करार वाचल्याशिवाय कळत नाही. प्रसारणाचे हक्क आणि मोठे प्रायोजक सहसा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हातात असतात. यजमानाकडे तिकिटं, स्थानिक प्रायोजक आणि खर्च राहतो. वर करमाफीही मागितली जाते. २०१६ च्या टी-२० विश्वचषकात करसवलत मिळाली नाही, तेव्हा आयसीसीने बीसीसीआयच्या वाट्यातून सुमारे १९३ कोटी रुपये कापून घेतले. ग्रेटर नोएडाच्या फॉर्म्युला वन शर्यतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की ते सर्किट म्हणजे परदेशी कंपनीचं भारतातलं कायम ठिकाण आहे आणि तिथल्या उत्पन्नावर इथे कर लागतो. शर्यत मात्र २०१३ नंतर तिथे परत आली नाही.

तिकिटावरच्या जीएसटीचा निम्मा वाटा सामना जिथे होतो त्या राज्याला मिळतो. मान्यताप्राप्त स्पर्धेचं तिकीट ५०० रुपयांच्या आत असेल तर कर नाही, वर असेल तर १८ टक्के, आणि आयपीएलसाठी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. महापालिकेला यातलं थेट काही मिळत नाही. कचरा, शौचालयं, रुग्णवाहिका, अग्निशमन मात्र तिलाच पुरवावं लागतं. पोलीस बंदोबस्ताचंही बघा. राज्य सरकारने २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांचं बंदोबस्त शुल्क घटवलं, तेही २०११ पासून पूर्वलक्षी, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. शुल्क माफ झालं म्हणून पोलीस फुकट मिळत नाहीत. तेवढे शिपाई त्या संध्याकाळी आपापल्या ठाण्यात नसतात.

फेरीवाल्यांचा मुद्दा बारीक वाटतो, पण स्थानिकांच्या हाती पैसा पडतो तो इथेच. चर्चगेट किंवा नेरूळ स्थानकापासून मैदानापर्यंतच्या वाटेवर वडापाव, भेळ, पाणी, झेंडे, टोप्या यांची विक्री होते आणि तो पैसा जवळजवळ पूर्ण शहरातच राहतो. मोठ्या स्पर्धांच्या करारात प्रायोजकांच्या संरक्षणासाठी मैदानाभोवतीचा पट्टा इतरांना विक्रीसाठी बंद केला जातो. ब्राझीलमध्ये २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी साल्वाडोर शहरातल्या अकाराजे हे तळलेले वडे विकणाऱ्या बायकांनी आंदोलन केलं आणि स्टेडियमच्या आवारात विकायची परवानगी मिळवली. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. परवानाधारक विक्रेत्यांना त्या पट्ट्यात ठरावीक जागा मिळेल, हे कलम करारात आधीच घालून घ्यावं. सही झाल्यावर ते कुणी घालू देत नाही.

घासाघीस करायची ताकद सहीच्या आधीच असते. लॉस एंजेलिसला १९८४ चं ऑलिंपिक मिळालं तेव्हा समोर दुसरा स्पर्धक उरला नव्हता. शहराने तोट्याची हमी द्यायला नकार दिला, १९३२ च्या ऑलिंपिकचं कॉलिझियम पुन्हा वापरलं आणि शेवटी वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक उरली. आजही संघटनांना यजमान सहज मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२३ मध्ये २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा सोडली, कारण २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर गेला होता. सोडायलाही ३८ कोटी डॉलर मोजावे लागले. मग ग्लासगोने दहा खेळ आणि चार ठिकाणं एवढ्यावर ती पत्करली. म्हणजे छोटा आराखडा मागता येतो आणि तो मान्यही होतो.

तयार मैदान हाताशी असणं हीच मुंबईची खरी ताकद आहे. जून २०२५ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला आणि महिला विश्वचषकाचे तिथले सामने नवी मुंबईला हलवले गेले. २ नोव्हेंबर २०२५ चा अंतिम सामना नेरूळला झाला आणि भारताने तो जिंकला. त्यासाठी नवं स्टेडियम उभारावं लागलं नाही. सुरुवातीची तिकिटं १०० रुपयांपासून होती, त्यामुळे त्यावर कर जवळपास नव्हता. पण मुली-बायका हजारोंनी मैदानात आल्या. बेंगळुरूच्या दुर्घटनेतून हिशेबाचीही एक गोष्ट घ्यायला हवी. बाहेर पडायच्या वाटा, गर्दीचं नियोजन आणि वैद्यकीय पथक यांवरचा खर्च कधीही ‘बचत’ म्हणून कापू नये.

त्या रात्रीचा आनंद पैशात येत नाही, पण त्याला किंमत आहे, आणि ती देण्याची तयारी लोकांनी जाणून-बुजून दाखवली तर त्यात चूक काही नाही. तो फक्त उत्पन्नाच्या रकान्यात लिहू नये, वेगळ्या ओळीत लिहावा आणि तोट्याला लोकसंख्येने भागून समोर ठेवावा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती. १०० कोटींचा तोटा म्हणजे माणशी ८० रुपये. अनेक मुंबईकर घरी एवढा सोहळा होणार म्हणून ते आनंदाने देतील. ५,००० कोटींचा तोटा म्हणजे माणशी ४,००० आणि पाच जणांच्या घराला २०,००० रुपये. प्रस्ताव पाठवण्याआधी हा आकडा महापालिकेच्या सभागृहात मांडला जावा आणि ज्यांना तो भरायचा आहे त्यांना विचारलं जावं.